माणसा, चिडू नकोस!

परदेशी जाणाऱ्यांची दोन चित्रं आपल्या डोक्यात पक्की बसलेली आहेत. एक एमएसला निघालेला मुलगा, एअरपोर्टवर अख्खं खानदान आणि बॅगेत लोणच्याची बरणी. दुसरं, कंपनीनं ‘ऑनसाइट’ पाठवलेला इंजिनीअर. या दोन्हींत न बसणारं तिसरं तिकीट काढून मी बर्लिनला गेले आणि वर्षभर राहून आले. व्हॉलंटियर म्हणून, एका वृद्धाश्रमात. घरी सांगितलं तेव्हा आत्या म्हणाली, ‘‘एवढं जर्मन शिकलीस ते तिकडच्या म्हाताऱ्यांना चहा द्यायला?’’ आत्याचं तसं फार चुकलं नव्हतं. फक्त चहा नाही, कॉफी.

तुमच्यापैकी कुणीतरी आत्ता पुण्यात मॅक्सम्युलर भवनच्या नाहीतर रानडे इन्स्टिट्यूटच्या बॅचमध्ये बसून ‘डेर-डी-डास’ पाठ करत असेल. ग्रॅज्युएशननंतर एक वर्ष काहीतरी वेगळं करावं असंही मनात घोळत असेल. हे त्यांच्यासाठी. इन्स्टावर दिसतं ते सांगत बसत नाही. ब्रांडेनबुर्ग गेटसमोरचा फोटो माझ्याकडेही आहे.

आधी ही भानगड काय ते. जर्मनीत पूर्वी सक्तीची लष्करी सेवा होती. ज्यांना बंदूक हातात घ्यायची नसायची ती मुलं त्याऐवजी हॉस्पिटलांत, वृद्धाश्रमांत, अपंगांच्या संस्थांत काम करायची. २०११ मध्ये ही सक्ती थांबवली आणि मग प्रश्न आला, की या मुलांच्या जागी येणार कोण? त्याच वर्षी सरकारनं स्वयंसेवेची नवी योजना सुरू केली. तिचं नाव ‘बुंडेसफ्रायविलिगनडीन्स्ट’. हे एका दमात कुणालाच म्हणता येत नाही, म्हणून त्यात काम करणाऱ्याला सगळे ‘बुफ्दी’ म्हणतात. सत्तावीस वर्षांखालच्यांसाठीची ‘एफएसजे’ ही तिची थोरली बहीण, तिचा कायदा १९६४ चा. दोन्हींत बाहेरच्या देशांतली मुलंमुली अर्ज करू शकतात. साधारण वर्षभराचं, पूर्णवेळ काम. आणि पूर्णवेळ म्हणजे खरंच पूर्णवेळ. सकाळी सातच्या पाळीला सातला पाच कमी असताना हजर.

पगार नसतो, पॉकेटमनी असतो. त्यांचा शब्दही तोच: टाशनगेल्ड, खिशातले पैसे. कायद्यानं या रकमेला वरची मर्यादा घातलीय, खालची घातलेली नाही. त्यामुळे एका संस्थेत मिळतात तेवढे दुसरीत मिळतीलच असं नाही. आरोग्य विम्याचे पैसे संस्था भरते, आणि वर्षाला २५ दिवस सेमिनारचे असतात, ते कामातच धरतात. पण अर्ज करताना एक गोष्ट सगळ्यांत आधी विचारा: राहायला खोली देणार का? बर्लिनमध्ये शेअरिंगच्या फ्लॅटमधल्या एका खोलीचं भाडं तुमचा अख्खा पॉकेटमनी गिळू शकतं. खोली देत नसतील तर कितीही गोड पत्र आलं तरी हो म्हणू नका. आणि ‘प्लेसमेंट’साठी लाखांत पैसे मागणारा एजंट भेटला, तर त्याला नमस्कार करून बाहेर पडा. संस्थांना थेट लिहिता येतं. मी चौतीस ईमेल पाठवले होते. सहा उत्तरं आली, त्यांतली चार नकाराची.

आता पोचल्यानंतरचं. पहिला धडा मला पत्रपेटीनं दिला. जर्मनीत बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो. हो, नसतोच. पोस्टमन पेटीवरचं आणि बेलवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर त्याच्या लेखी तुम्ही तिथे राहतच नाही. मला हे कुणी सांगितलं नाही, कारण त्यांच्या दृष्टीनं यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंदणी करायची असते, ती मी धडपडत केली. आता सगळं मार्गी लागलं म्हणून खूश होते. माझं बँकेचं कार्ड निघालं, आलं, आणि परत गेलं. दुसऱ्यांदाही परत गेलं. तीन आठवडे मी सोबतच्या मुलीकडून उसने पैसे घेऊन ब्रेड आणि सफरचंदं खाल्ली. शेवटी कागदाची पट्टी कापली, तिच्यावर आडनाव लिहिलं आणि सेलोटेपनं बेलखाली चिकटवलं. चार दिवसांत कार्ड हजर! तुम्ही जाल तेव्हा बॅग उघडण्याआधी हे काम करा.

दुसरा धडा साठ युरोंचा. बर्लिनच्या मेट्रोला आपल्यासारखी फाटकं नाहीत. तुम्ही सरळ आत जाता, कुणी अडवत नाही. कागदी तिकीट काढलं असेल तर ते प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशीनमध्ये घालून शिक्का मारायचा असतो. मी तिकीट काढलं होतं, शिक्का मारला नव्हता. साध्या कपड्यातला माणूस उठून उभा राहिला आणि ओळखपत्र दाखवून तिकीट मागितलं. मी तिकीट दाखवलं, रडवेली झाले, ‘मी नवीन आहे’ म्हणाले. त्यानं शांतपणे पावती फाडली. आपल्याकडे टीसीशी थोडी हुज्जत घालता येते, तिथे हुज्जतीला जागा नसते. (पुढे मला त्यातली गंमतही कळली. फाटक नाही म्हणजे तुमच्यावर विश्वास टाकलाय. तो मोडलात तर मग कारण विचारत नाहीत.)

बाकीचं शिकायला वेळ लागत नाही. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारी दूध आणा. रात्री दहानंतर मिक्सर लावू नका, शेजारी खरंच येतात. पाण्याच्या रिकाम्या बाटलीला २५ सेंट परत मिळतात. बाहेर असताना ती परत करायची नसेल तर कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, डब्याशेजारी ठेवा. त्या गोळा करून दिवस काढणारी माणसं या श्रीमंत शहरातही आहेत.

भाषेबद्दल मात्र थोडं जास्त सांगायला हवं, कारण मराठी असण्याचा फायदा मला तिथे कळला. इंग्रजीतून जर्मन शिकणाऱ्यांचा जीव दोन ठिकाणी जातो, तीन लिंगं आणि आकडे. आपल्याला तो, ती, ते जन्मापासून आहेत. मुलीला ते नपुंसकलिंगी शब्द वापरतात म्हणून माझ्या वर्गातली कोलंबियाची मुलगी भडकली होती. मला काही वाटलं नाही, आपल्याकडे ‘पोरगं’ आहेच की! आकड्यांचं तर आणखी सोपं. जर्मनमध्ये चोवीसला ‘चार-आणि-वीस’ म्हणतात. चोवीस या शब्दातही आधी चारच येतो. फोनवरून नंबर लिहून घेताना सेमिनारमधली निम्मी मुलं उलटसुलट लिहायची, मी नाही.

पण बी-वन पास झालेलं जर्मन घेऊन वृद्धाश्रमात शिरलात, की पहिल्या दिवशी कळतं आपल्याला काहीच येत नाही. बर्लिनचे जुने लोक ‘इश’ला ‘इक’ म्हणतात, निम्मे शब्द खातात. त्यात कुणाच्या तोंडात कवळी नाही, कुणाला ऐकू येत नाही. दुपारी बाराला जिन्यात भेटणारा प्रत्येक कर्मचारी ‘मालत्साइट!’ म्हणायचा. शब्दशः अर्थ ‘जेवणाची वेळ’. मी पहिला आठवडाभर ‘नाही, माझं जेवण साडेबाराला’ असं उत्तर देत होते. तो नुसता नमस्कार होता.

आणि ‘तू’-‘तुम्ही’! जर्मनमध्ये ‘डू’ म्हणजे तू आणि ‘झी’ म्हणजे तुम्ही. हे आपल्याला सोपं जायला हवं. पण आपण आजीला ‘अगं आजी’ म्हणतो ना. खिडकीजवळच्या खुर्चीत बसणाऱ्या एक आजी होत्या, सत्त्याऐंशी वर्षांच्या, पांढरेशुभ्र केस, मोठ्या काचांचा चष्मा. मला त्या अगदी आमच्या नाशिकच्या आजीसारख्या वाटल्या आणि तिसऱ्याच दिवशी मी प्रेमानं त्यांना ‘डू’ म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, ‘‘आपण दोघींनी कधी एकत्र डुकरं राखलीत का?’’ मला वाटलं, माझंच ऐकण्यात काहीतरी चुकलं. किचनमधल्या बाईंनी मग सांगितलं, की ही जर्मनमधली म्हणच आहे. अर्थ असा, की एवढी सलगी कधीपासून?

गंमत म्हणून सांगतेय, पण त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. कारण एव्हाना एक गोष्ट मनात टोचायला लागली होती. मी इथे मदत करायला आलेय, आणि माझा कुणाला काडीचा उपयोग नाही. पाळीवरच्या नर्सना मला प्रत्येक काम दोनदा समजवावं लागायचं. मला सांगितलेलं कळायचं नाही, आणि कळलं नाही हे कबूल करायची लाज वाटायची, म्हणून मी मान हलवायचे. मान हलवून एकदा मी मधुमेहाच्या आजोबांसमोर साखरेचा केक ठेवला. नर्सनं वेळेत उचलला म्हणून बरं. तुम्हाला कळलं नसेल तर कळलं नाही म्हणा. पाच वेळा म्हणा. तिथे मान हलवणं हा मूर्खपणा नाही, धोका आहे.

जे करता येत होतं ते मी जरा जास्तच करायचे. कुणी चमचा उचलायला वाकलं की मी धावले. कुणी उठायला लागलं की धरलं. खिडकीजवळच्या आजी सकाळी ब्रेडला लोणी लावायला दहा मिनिटं घ्यायच्या, हात थरथरायचा. मी एके दिवशी त्यांच्या हातातून सुरी घेतली आणि दहा सेकंदांत लावून दिलं. त्यांनी तो ब्रेड खाल्ला नाही. ताट सरकवून ठेवलं.

मग नोव्हेंबर आला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि दिवस एकदम मिटतो. डिसेंबरपर्यंत तर सकाळी सव्वाआठला उजाडतं आणि चार वाजायच्या आत सूर्य गायब. पाळी सातला सुरू, साडेतीनला संपणार. म्हणजे जाताना अंधार आणि घरी पोचताना अंधार. आपल्याकडच्या आणि तिथल्या वेळेतला फरक साडेचार तासांचा होतो. मी सहाला फोन करायचे तेव्हा नाशिकला साडेदहा वाजलेले असायचे, आई पेंगत विचारायची, ‘‘जेवलीस का?’’ मी म्हणायचे, ‘‘हो, मस्त चाललंय.’’ आणि फोन ठेवून परतीच्या विमानांचे दर बघायचे. रोज बघायचे. मी थांबले ते काही बाणेदारपणामुळे नाही. तिकीट महाग होतं.

तशातल्या एका बुधवारी कामाची यादी लावणाऱ्या ताईंनी मला सांगितलं, ‘‘आज दुपारी काही करू नकोस. खिडकीजवळ बस आणि खेळ.’’ दुपारी तीनला तिथे कॉफी आणि केक असतो आणि नंतर पट मांडतात. मी पट पाहिला आणि हसूच फुटलं. लाल, निळा, पिवळा, हिरवा. चार सोंगट्या, एक फासा, सहा पडल्याशिवाय घरातून बाहेर नाही. लुडोच तो! खेळाचं जर्मन नाव ‘मेन्श एर्गेरे डिश निश्त’, म्हणजे ‘माणसा, चिडू नकोस’. शंभरपेक्षा जास्त वर्षं जर्मनीतल्या घराघरांत तो खेळतात. पहिल्या महायुद्धात लष्करी इस्पितळांतल्या जखमी सैनिकांपर्यंत त्याचे संच पोचले आणि तिथून तो देशभर गेला. त्याचं मूळ मात्र आपल्या पचिसीत. हे मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये आजींना अभिमानानं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘मग तुला चांगला यायला हवा.’’

मला यायचाच. मी माझी सोंगटी पुढे काढली आणि सुरक्षित घरात नेऊन बसवली, आता हिला कोण मारतंय अशा थाटात. आजींनी फासा टाकला, चार पडले, थरथरत्या हातानं त्यांनी माझी सोंगटी उचलली आणि घरी पाठवली. मी ओरडले, ‘‘ही सेफ जागा आहे!’’ ‘‘कसली सेफ?’’ त्यांच्या लुडोत सेफ जागा नसतात. पटावर कुठेही मारता येतं. शेवटच्या चार घरांत शिरलात तरच वाचलात. मी खरोखर चिडले. नियम आधी सांगायला नकोत का? आजी इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसले. ‘‘नाव वाचलंस ना खेळाचं?’’

त्यानंतर बुधवार आमचा ठरला. खेळताना त्या तुकड्या-तुकड्यांत बोलायच्या आणि मला हळूहळू समजायला लागलं. त्यांचं बालपण बर्लिनच्या पश्चिम भागातलं. जून १९४८ मध्ये सोव्हिएत फौजांनी पश्चिम बर्लिनकडे येणारे रस्ते आणि रेल्वे बंद केली, वीस लाखांवर माणसं आत अडकली. मे १९४९ पर्यंत अमेरिकन आणि ब्रिटिश विमानांनी कोळसा, पीठ, दूध पावडर सगळं हवेतून आणलं. टेम्पलहोफच्या विमानतळावर दर काही मिनिटांनी विमान उतरायचं. काही वैमानिक रुमालांची छोटी पॅराशूट करून मुलांसाठी चॉकलेटं टाकायचे. त्या विमानांना बर्लिनकर ‘रोझिनेनबॉम्बर’ म्हणतात, मनुका टाकणारी बॉम्बर. पाठ्यपुस्तकात ही गोड गोष्ट असते. आजी तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. मला वाटलं, त्या चॉकलेटबद्दल सांगतील. त्या म्हणाल्या, ‘‘सुकवलेले बटाटे यायचे. त्यांच्यामुळे जगलो. आणि मला त्यांचा राग यायचा. सारखं थँक यू म्हणायला लागायचं म्हणून.’’ मग फासा माझ्याकडे सरकवला. ‘‘टाक.’’

लोण्याच्या सुरीचं मला त्या क्षणी कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्रेड, लोणी आणि सुरी समोर ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसले. अकरा मिनिटं लागली. मला किती त्रास झाला म्हणून सांगू! वर्षभरात केलेलं सगळ्यांत अवघड काम ते होतं. तिथे नर्सिंगच्या मुलांना हे रीतसर शिकवतात, की माणसाला जे स्वतः करता येतंय ते त्याच्या हातून काढून घ्यायचं नाही. मला ते सेमिनारमध्ये आधीच सांगितलं होतं. मी मान हलवली होती.

एक उलटही झालं. त्याच आठवड्यात मला सरकारी कार्यालयाचं तीन पानी पत्र आलं, ज्यातलं एक वाक्य अर्ध्या पानाचं होतं. एरवी मी ते रात्रभर डिक्शनरी घेऊन बसले असते. ते मी किचनमधल्या बाईंकडे नेलं. त्या स्वतः पंचवीस वर्षांपूर्वी तुर्कस्तानातून आलेल्या. पत्र वाचून म्हणाल्या, ‘‘काही नाही, फोटो पाठव म्हणतायत.’’ आणि मग मला मंगळवारच्या माइबाखउफरच्या बाजारात घेऊन गेल्या. कालव्याच्या काठावर भरतो तो बाजार, तिथे कोथिंबिरीची जुडी मिळते, प्लास्टिकच्या डबीतल्या चार काड्या नाहीत. त्या दिवशी मी भरलेली ढोबळी मिरची केली आणि फ्लॅटमधल्या सगळ्यांना वाढली. विमानांचे दर बघायचे राहून गेले.

मराठी माणसं भेटतात का? भेटतात. गणपतीला ढोल वाजतो, डब्यातून पुरणपोळी मिळते, जीव निवतो. पण प्रत्येक शनिवार-रविवार तिथेच घालवू नका, नाहीतर वर्ष संपताना तुमचं जर्मन आलं होतं तिथेच असेल. मी एकटी पडले, की रिंगबानमध्ये बसायचे. शहराभोवती गोल फिरणारी लोकल आहे, तासाभरात फेरी पूर्ण होते आणि जिथे चढलात तिथेच उतरता. एका रविवारी दक्षिणेकडे डालेमला गेले. आपल्या इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या मानववंशशास्त्राच्या संस्थेत पीएचडी करत होत्या. कवट्या मोजून वंशांची उच्चनीचता सिद्ध होईल अशी त्यांच्या प्राध्यापकांची अपेक्षा. बाईंनी मोजल्या, तसं काही निघालं नाही, आणि त्यांनी तसंच लिहिलं. इमारत अजून आहे, आता विद्यापीठाची आहे. थंडीत तिच्यासमोर उभी राहून मी विचार केला, की या बाईंना व्हिडिओ कॉल नव्हता, घरून आलेलं पत्र किती आठवड्यांनी मिळत असेल. मग गुपचूप परत आले आणि दुसऱ्या दिवशीच्या पाळीचा डबा भरला.

वृद्धाश्रमात काम करायचं तर एका गोष्टीची तयारी हवी, आणि ती अर्जात लिहिलेली नसते. माणसं जातात. माझ्या नवव्या आठवड्यात केकवाले आजोबा गेले. प्रवेशदाराशी टेबलावर मेणबत्ती, त्यांचा फोटो आणि एक वही ठेवली होती, ज्याला वाटेल त्यानं लिहायचं. मला जर्मन सुचेना म्हणून मी मराठीत लिहिलं. दोन दिवसांनी त्यांच्या मुलानं शोधत येऊन विचारलं, हे काय लिहिलंय? मी सांगितलं, की ते मला रोज ‘भारतात आज ऊन आहे का’ विचारायचे, आणि मी रोज हो म्हणायचे. सेमिनारला गेल्यावर कळलं, की आमच्यातल्या जवळपास प्रत्येकाकडे असा एक माणूस होता. त्या पाच दिवसांत पहिल्यांदा आम्ही एकमेकांशी नीट बोललो. आणि एक सांगते, तिथल्या कुणाचाही फोटो काढून स्टोरीला टाकायचा नाही. कायदा आहेच, पण कायदा नसता तरी नाही.

आजींनी मला शेवटपर्यंत ‘डू’ म्हणायची परवानगी दिली नाही. तिथे ती मोठ्यांनी द्यायची असते. मी वाट पाहिली, मग वाट पाहणं सोडलं. आमचं ‘झी’मध्येच छान चालायचं.

ऑगस्टमध्ये माझी जागा घ्यायला जॉर्जियाचा एक मुलगा आला. मी त्याला कपाटं दाखवली, पाळीचा तक्ता दाखवला, साखर कुणाला द्यायची नाही ते पाच वेळा सांगितलं. बेलखालच्या माझ्या पट्टीवर त्याच्या आडनावाची पट्टी मीच चिकटवली. पुढे बुधवार होता. कॉफी झाली, पट मांडला, त्यानं त्याची सोंगटी मोठ्या ऐटीत पुढे नेऊन बसवली आणि निवांत मागे टेकला. आजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही.